आपण चाल खेळलो, आता समोरचा काय करेल? (धंदा, स्पर्धा आणि खोकी)

खोकेवाला_रबाळे

मंडळी, रबाळे एमआयडीसीत आमचं कोरुगेटेड खोक्यांचं युनिट आहे. सेमी-ऑटोमॅटिक मशिनं, थ्री प्लाय-फाइव्ह प्लाय (तीन-पाच थरांची खोकी), थोडं डाय-पंचिंग (साच्याने कापणं). माल जातो ठाणे-बेलापूर रोडच्या कंपन्यांना आणि भिवंडीच्या गोदामांना.

या लाइनीत तीन-पाच हजार नगांखाली ऑर्डर कोणी घ्यायला बघत नाही. पण ऑनलाइन विकणारे छोटे ब्रँड (साबण, मसाले, मेणबत्त्या, काय वाट्टेल ते) पाचशे खोकी मागतात आणि तीही तातडीने. आम्ही ठरवतोय की पाचशे नग, छापील, तीन दिवसांत द्यायचे. दर किलोमागे थोडा चढा, निम्मे पैसे आगाऊ.

भाऊ आणि मी आकडेमोड केली आहे, ती जमते. अडलंय ते एका गोष्टीवर. आमचे दोन स्पर्धक आहेत. एक तळोज्याचा मोठा ऑटोमॅटिक प्लांट, दुसरा वागळे इस्टेटमधला आमच्याच आकाराचा, मालक स्वतः गल्ल्यावर बसतो. हे दोघं काय करतील? भाऊ म्हणतो, 'दर पाडतील, दुसरं काय करणार?' मला ते इतकं सरळ वाटत नाही. अनुभवी लोकांनी लिहावं. 'कस्टमर सॅटिस्फॅक्शनवर फोकस करा' असले प्रतिसाद कृपया नकोत.

तिरकस

कस्टमर सॅटिस्फॅक्शनवर फोकस करा.

(गंमत केली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

निवृत्त_सेल्समन

साबण-पावडरच्या लाइनीत आयुष्य गेलं, तेव्हा थोडं लांबण लावतो.

तुमच्या भावाच्या उत्तरात एक गृहीत आहे की समोरच्याला तुम्ही दिसणार. ते आधी तपासा. निरमा अहमदाबादेत १९६९ साली सुरू झाली. करसनभाई पटेल सायकलवरून पुड्या विकायचे, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्यातली खरी गोष्ट अशी की हिंदुस्तान लिव्हरचं 'व्हील' बाजारात यायला १९८० चं दशक संपत आलं. एवढी वर्षं लिव्हरमधले हुशार लोक झोपले होते का? अजिबात नाही. त्यांचा सर्फचा आकडा सर्फ घेणाऱ्या घरांवर मोजला जायचा. निरमा घेणारी बाई आधी साबणाच्या वडीने कपडे धुवायची, म्हणजे ती त्यांच्या हिशेबात गिऱ्हाईक नव्हतीच. जो आपल्या रिपोर्टात दिसत नाही त्याला कोण उत्तर देणार?

आता हीच कंपनी २००४ मध्ये बघा. मार्चमध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने एरियल आणि टाइडचे भाव दणकून खाली आणले. लिव्हरने काही दिवसांत सर्फ एक्सेलचे भाव पाडले. त्या वर्षी त्यांच्या नफ्याला चांगलाच फटका बसला, तरी पाडलेच. कंपनी तीच आणि माल तोच, पण एकदा उत्तर यायला जवळपास दोन दशकं लागली आणि एकदा आठवडासुद्धा लागला नाही. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी घाव थेट त्यांच्या मोठ्या ब्रँडवर होता आणि दुकानाच्या एकाच फळीवर रोज दिसत होता.

तेव्हा पहिला प्रश्न 'तो काय करेल' हा नाहीच. त्याच्या महिनाअखेरीच्या मीटिंगमध्ये तुमचं नाव निघेल का, हा आहे.

खोकेवाला_रबाळे

काका, हे एकदम पटलं. तळोज्यावाल्यांचा सेल्स मॅनेजर टनेजवर मोजला जातो, महिन्याला किती टन गेले त्यावर त्याचा इन्सेंटिव्ह. आमच्या पाचशे-पाचशेच्या ऑर्डरी सगळ्या मिळून त्याच्या एका दिवसाचं टनेज होणार नाही.

घणसोलीचा_अभियंता

निवृत्त काकांना +१, पण पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दिसूनही उत्तर देता येत नाही अशीही वेळ असते.

जिओ बघा. मुख्यालय आमच्या घणसोलीतच, रिलायन्स कॉर्पोरेट पार्क. ५ सप्टेंबर २०१६ ला सेवा सुरू झाली, सगळं फुकट. पुढे 'हॅपी न्यू इयर' म्हणून ते फुकटपण ३१ मार्च २०१७ पर्यंत वाढवलं. एअरटेल, व्होडाफोन, आयडियाला हे दिसत नव्हतं असं कोण म्हणेल? पण जिओकडे गिऱ्हाईक शून्यापासून होतं, यांच्याकडे कोट्यवधी लोक आधीच महिन्याला पैसे भरत होते. फुकटाला फुकटाने उत्तर द्यायचं तर स्वतःचीच चालू कमाई जाळायची. म्हणून सुरुवातीला सगळे हातचं राखून खेळले.

मग उत्तर आलं कुठून? इंटरकनेक्शनच्या दारातून. जिओवरून दुसऱ्या नेटवर्कला कॉल लागत नव्हते, कारण जोडणीचे पॉइंट पुरेसे मिळत नव्हते. दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर २०१६ मध्ये त्या तीन कंपन्यांना मिळून ३,०५० कोटी रुपये दंड करावा अशी शिफारस केली. त्या कंपन्यांचं म्हणणं वेगळं होतं, त्या वादात मी पडत नाही. माझा मुद्दा एवढाच की सगळे टीव्हीवर दरयुद्ध बघत होते आणि झटापट चालली होती एका तांत्रिक फाटकावर.

पाचपाखाडीकर

आणि शेवटी काय झालं तेही लिहा की. व्होडाफोन-आयडिया एक झाले (ऑगस्ट २०१८), एअरसेल दिवाळखोरीत गेली, टाटांनी मोबाइलचा धंदा एअरटेलला दिला. चाल खेळणाऱ्याच्या मागे रिफायनरी होती म्हणून हे जमलं. खोकेवाल्यांच्या मागे काय आहे? मोठ्यांची उदाहरणं छोट्यांना देऊ नका राव.

घणसोलीचा_अभियंता

@पाचपाखाडीकर, पैशाचं प्रमाण वेगळं आहे हे मान्य. पण 'चालू कमाई जाळावी लागते म्हणून उत्तर देता येत नाही' हे पानटपरीलाही लागू आहे. तळोज्यावाल्याने उद्या पाचशे नग वाजवी दरात द्यायचं ठरवलं तर त्याचं पाच हजारवालं गिऱ्हाईक म्हणेल, मलाही हजार-हजार करून पाठवा, गोदाम अडकवायला कोणाला हवंय? मग त्याच्या लांबलचक रन (एकाच मापाचं सलग उत्पादन) मोडल्या. हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

घोडबंदरकर

माझं घोडबंदर रोडला हार्डवेअर आणि पेंटचं दुकान आहे. दोन-अडीच वर्षं आमच्या काउंटरवर हाच खेळ चाललाय, म्हणून लिहितो.

बिर्लांच्या ग्रासिमने पेंटमध्ये उतरायची घोषणा २०२१ च्या सुरुवातीला केली, तोच पुढे बिर्ला ओपस ब्रँड. आधी पाच हजार कोटी म्हणाले, २०२२ मध्ये दहा हजार कोटी केले. माल आला फेब्रुवारी २०२४ मध्ये. म्हणजे जुन्या कंपन्यांना तयारीला भरपूर वेळ मिळाला. सहा कारखाने, त्यातला एक आपल्या महाडला. असा स्पर्धक दिसला नाही असं म्हणायची सोयच नव्हती.

बाहेरच्यांना वाटतं पेंटचं युद्ध म्हणजे डब्याचा भाव. भाव हलले, जादा माल फुकट वगैरे स्कीमा आल्या, ते आहेच. पण खरी मारामारी जागेसाठी होते, आणि ती तुम्हाला दुकानात आत आल्याशिवाय दिसायची नाही. टिंटिंग मशीन म्हणजे आपण शेड निवडतो आणि बेसमध्ये रंगाचे थेंब सोडून डबा घुसळून देतात ते. ते ठेवायला कपाटाएवढी जागा लागते, शिवाय शेकर, कॉम्प्युटर, आणि त्या कंपनीच्या बेसचे डबे सगळ्या साइझमध्ये. माझं दुकान केवढं? दोन मशिनं आधीच आहेत. नव्या कंपनीने मशीन फुकट देऊ केलं. फुकट ठीक आहे, ठेवू कुठे? पुट्टीची पोती बाहेर फुटपाथवर काढू?

नेमकं इथेच जुन्यांचं उत्तर येतं. एरिया मॅनेजर येतो, चहा पितो, भावाबद्दल चकार शब्द काढत नाही. विचारतो, 'शेठ, यंदा वर्षाच्या टार्गेटचं काय? फॅमिली टूरचा स्लॅब थोडक्यात राहील हां.' नाव कोणाचं घेत नाही, पण सगळं समजतं. माझ्याकडे एकदा तिसरं मशीन येणार अशी नुसती कुणकुण लागली आणि एका कंपनीचा माल, जो दिवसातून दोनदा यायचा, तो 'गाडी भरली होती' म्हणून दुसऱ्या दिवशी यायला लागला. पेंटर उभा आणि डबा नाही. हे कागदावर कुठे सापडणार?

जाहीर गोष्ट सांगायची तर ग्रासिमच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जुलै २०२५ मध्ये एशियन पेंट्सच्या चौकशीचा आदेश दिला. डीलरांवर दबाव, वर्चस्वाचा गैरवापर असे आरोप होते. आदेश चौकशीचा आहे, दोषी ठरवलेलं नाही, ही बारकाई लक्षात ठेवा. पण तक्रारीचा विषय बघा, भाव नाही, दुकानदार.

खोकेवाले भाऊ, तुमच्या धंद्यात आमच्या मशीनच्या जागेसारखी अडचणीची वस्तू कोणती? उत्तर तिथून येईल.

खोकेवाला_रबाळे

घोडबंदरकर, जेवताना वाचलं आणि घास हातातच राहिला. आमच्याकडे ती वस्तू आहे: स्टिरिओ आणि डाय.

बाकीच्यांसाठी सांगतो. खोक्यावर छपाई करायला रबराचा स्टिरिओ लागतो, ठशासारखा. प्रत्येक रंगाला वेगळा. आणि मेलर बॉक्स, म्हणजे तो झाकणाचा घडीचा खोका, पंच करायला लाकडी फळीत पात्या बसवलेली डाय लागते. हे बनवतो खोकेवाला, पैसे बरेचदा गिऱ्हाईक देतं, पण वस्तू पडून राहते खोकेवाल्याच्या माळ्यावर. गिऱ्हाईक दुसरीकडे निघालं की जुना म्हणतो, 'शोधून देतो.' मग दोन आठवडे शोधतच असतो. नंतर डाय मिळते ती अशी की पाती बोथट आणि रबर निघालेलं. तोवर गिऱ्हाइकाचा माल पडून. ते कंटाळून परत जुन्याकडेच ऑर्डर टाकतं.

वागळेवाले शेठ हे करणार. शंभर टक्के करणार.

तिरकस

म्हणजे भाव पाडण्यापेक्षा माळा जास्त घातक. धाग्याचं शीर्षक बदला.

मृदगंधा

बायकी प्रश्न समजून सोडून देऊ नका :) पण वागळेवाले शेठ माणूस म्हणून कसे आहेत? मोठ्या कंपनीत निर्णय कमिटी घेते, तिथे खुर्चीचा अंदाज घ्यावा लागतो. मालक बसलेला असतो तिथे स्वभावाचा. माझ्या सासऱ्यांचा नौपाड्यात छापखाना होता. शेजारी दुसरा आला तेव्हा सगळ्यांनी सांगितलं दुर्लक्ष करा, पण त्यांनी लग्नपत्रिकांचे दर इतके पाडले की दोन सीझन पदरचे घातले. कारण धंद्याचं नव्हतंच, 'माझ्या गल्लीत येऊन?' हे होतं.

खोकेवाला_रबाळे

मृदगंधाताई, बायकी कसला, हाच खरा प्रश्न आहे. शेठ जुन्या वळणाचे. भांडण झालं की पहिला फोन गिऱ्हाइकाच्या मालकाला, पर्चेसवाल्याला नाही. 'आपले वीस वर्षांचे संबंध' वगैरे. आणि दोन वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या एकाने त्यांचं मोठं गिऱ्हाईक ओढलं तेव्हा त्यांनी दर पाडला नाही, उधारी वाढवली.

वाशीची_सीए

अखेर माझा विषय निघाला.

उधारी वाढवली हे तेव्हा जमलं, आता जमेल का ते बघू. २२ सप्टेंबर २०२५ पासून खोक्यांवर जीएसटी ५ टक्के झाला, पण क्राफ्ट पेपरवर, म्हणजे खोक्याच्या कच्च्या कागदावर, १८ टक्के आहे. म्हणजे शेठ वापीच्या मिलकडून रील घेताना १८ भरतात आणि विकताना ५ घेतात. मधला फरक क्रेडिट म्हणून साचत जातो. परताव्याचा अर्ज करता येतो, पण तो हातात पडेपर्यंत खेळतं भांडवल अडकलेलं. अशा माणसाला अजून तीस दिवस उधारी द्यायची म्हणजे बँकेच्या दारात जायचं. (हे तुम्हालाही लागू आहे, म्हणून निम्मे आगाऊ घेताय ते उत्तम.)

तळोज्याचं गणित वेगळं. आयकर कायद्यातल्या एका तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल मुदतीत, म्हणजे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत चुकतं केलं नाही आणि ते वर्षअखेरीला थकीत राहिलं, तर गिऱ्हाइकाला त्या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळत नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून हे लागू आहे. पण मध्यम उद्योग यात येत नाही. एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा १०० कोटी आहे. तळोज्यावाले त्याच्या वर असतील तर ते ९० दिवसांची उधारी बिनदिक्कत देऊ शकतात आणि गिऱ्हाइकाच्या सीएला त्यात काही खटकणार नाही. तुमच्याकडून घेतलं तर मात्र तोच सीए मार्चमध्ये पर्चेसवाल्याच्या मागे लागेल. मी स्वतः लागते.

म्हणजे तळोज्यावाले उत्तर द्यायला उतरलेच तर दरात नव्हे, उधारीत उतरतील, आणि ते तुमच्या मोठ्या गिऱ्हाइकांवर. पाचशे नगवाल्यांकडे ते बघणारही नाहीत.

अंदाज बांधत बसण्याआधी शंभर रुपये खर्च करा. तळोज्यावाले प्रायव्हेट लिमिटेड असतील तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) पोर्टलवर त्यांचा ताळेबंद शंभर रुपयांत बघता येतो, आणि कोणत्या बँकेचा किती बोजा आहे तेही कळतं. बँकेच्या कर्जासाठी क्रिसिल-इक्रासारख्या पतमानांकन संस्थेचं रेटिंग घेतलं असेल तर त्याचं टिपण फुकट वाचता येतं. त्यात बरेचदा क्षमता, नवीन लाइनचं कर्ज, येणं किती दिवसांचं, असं सगळं असतं. नुकती नवी लाइन टाकली असेल तर तो टनेज भरायला कुठेही धावेल. 'कंपनी सहकार्य करत नाही' असा शेरा दिसला तर तीही माहितीच आहे.

पाचपाखाडीकर

सीए ताई, हे खरंच उपयोगाचं. माझा आक्षेप मागे नाही, पण थोडा पातळ केला.

तरी एक विचारतो. समजा सगळा अंदाज बरोबर आला. शेठने डाय अडवल्या, तळोजा गप्प राहिला. पण सहा महिन्यांनी? मोबाइलवाले सुरुवातीला गप्प होते, पुढे सगळ्यांनीच अनलिमिटेड काढलं. तुम्ही पाचशे नगांचा बाजार आहे हे सिद्ध केलंत की कोणीही छोटं डिजिटल प्रिंटिंग मशीन टाकेल, त्याला स्टिरिओच लागणार नाही. तो तिसरा माणूस आज तुमच्या यादीत नाही.

निवृत्त_सेल्समन

पाचपाखाडीकर, शाब्बास. आम्ही ऑफिसात एक करायचो, त्याला मोठं नाव वगैरे नव्हतं. नवी स्कीम काढण्याआधी दोन पोरांना बाजूच्या खोलीत बसवायचं, आजपासून तुम्ही समोरच्या कंपनीचे. त्यांच्या माणसांना मिळतं तेच टार्गेट, तोच इन्सेंटिव्ह, तोच साहेब डोक्यावर. आता आमची स्कीम हाणून पाडा. पोरं जी काही लबाडी शोधायची! अट एकच, त्यांनी उत्तर दिलं की खेळ थांबवायचा नाही. आपलं उत्तर, मग त्यांचं परत उत्तर. बहुतेक लोक पहिल्या फेरीलाच दमतात आणि खरी अडचण दुसऱ्या फेरीत निघते.

खोकेवाले, तुमच्या भावाला शेठ बनवा. त्याला दर पाडायची हौस आहे, तर पाडू दे आणि सहा महिने शेठचा गल्ला सांभाळून दाखव म्हणा.

खोकेवाला_रबाळे

काल रात्री केलं. भाऊ शेठ झाला, आमचा डिस्पॅचवाला तळोज्याचा मॅनेजर.

भावाने पहिल्या फेरीत किलोमागे दोन रुपये पाडले. दुसऱ्या फेरीत म्हणाला, जुनी गिऱ्हाइकंही तोच दर मागायला आली, झेपत नाही. मग डाय अडवल्या. मग आमच्या पंचिंग ऑपरेटरला फोन केला. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! चांगला पंचिंगवाला ठाणे-बेलापूर पट्ट्यात शोधून मिळत नाही, आणि तीन दिवसांचा वायदा सगळा त्याच्या हातावर.

डिस्पॅचवाला तळोज्याच्या खुर्चीत बसून मोबाइल बघत होता. विचारलं तर म्हणाला, 'साहेब, मला यात काय मिळतंय?'

ठरलं ते असं: जाहिरात, फलक काही नाही. तळोज्याची जी मोठी गिऱ्हाइकं आमच्याकडे थोडा माल घेतात, त्यांना ही योजना सांगायचीच नाही. ऑपरेटरचा पगार आधी, योजना नंतर. वागळ्याची गिऱ्हाइकं ओढायची नाहीत, जी कोणाचीच नाहीत ती घ्यायची, म्हणजे डायचा प्रश्नच नको. पाचपाखाडीकरांच्या तिसऱ्या माणसाचं उत्तर अजून नाही. डिजिटल मशीनचं कोटेशन मागवलंय, निदान त्याला कितीला पडेल ते तरी कळू दे.

घोडबंदरकर

ओढायची नाहीत म्हणताय, पण ती स्वतःहून येतील त्यांचं काय? पाचशे नगांची बातमी भिवंडीत पसरायला वेळ लागत नाही. शेठला तुम्ही ओढलं की ते आलं, हा फरक दिसणार नाही.

वाशीची_सीए

+१. आणि येणाऱ्याला पहिल्या भेटीत विचारा, स्टिरिओ-डायचं बिल कोणाच्या नावाने फाटलं होतं? स्वतंत्र बिल गिऱ्हाइकाच्या नावावर असेल तर वस्तू त्याची, लेखी मागता येते. खोक्याच्या दरात धरलं असेल तर भांडत बसू नका.

खोकेवाला_रबाळे

बहुतेकांचं दरातच धरलेलं असतं. मग नव्या डायचा खर्च आम्हीच पहिल्या तीन ऑर्डरींत वाटून लावू. आमच्या डाय मेकरला आज विचारतो, दोन दिवसांत देतो का ते. तो शेठचाही डाय मेकर आहे, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

तिरकस

दुसरी फेरी सुरू.